चपला काढा नि आत या

पालकसभेला पालक येत नाहीत ही तक्रार इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की आता मान डोलवायलासुद्धा जिवावर येतं. शिक्षकांची कुठलीही बैठक असो, चहा यायच्या आधी हा विषय निघतो. ‘यांना पोरांची फिकीरच नाही.’ ‘दारात आणून सोडलं की यांचं काम संपलं.’ ‘मोबाइलमधून डोकं वर काढतील तर ना!’ अशा वेळी मी विचारते, की बायांनो, तुमच्या सभेत असतं काय? फी कोणत्या तारखेपर्यंत भरायची, गणवेश कुठल्या दुकानात मिळेल, डब्यात बिस्किटं देऊ नका, गॅदरिंगचे एवढे एवढे आणा. शेवटी न चुकता ‘मुलाकडे लक्ष द्या’. एवढं ऐकायला कुणी अर्ध्या दिवसाची मजुरी का बुडवावी? मी तरी गेले नसते.

माझी बालवाडी नाशिकच्या सातपूर भागात, कामगारवस्तीत. एक लांबट खोली, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत पाण्याचा पिंप नि चपलांची फळी. मुलं एमआयडीसीतल्या कामगारांची, बांधकामावरच्या मजुरांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायांची. कुणाचं गाव सटाण्याकडे, कुणाचं धुळ्या-जळगावकडे, काहींचं पार बिहारात. या वस्तीत ‘पालकांचा सहभाग’ असे शब्द उच्चारले की समोरची माणसं आधी खिसा चाचपतात. त्यांचाही दोष नाही. शाळेनं बोलावलं म्हणजे पैसे मागणार नाहीतर तक्रार सांगणार, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

आमच्याकडे हे थोडंफार बदललं ते एका गवंड्यामुळे. कामावर जाता जाता ते मुलाला सोडायचे. पोरगं पडवीत उतरवलं की सायकल वळवायची, आत डोकावणंसुद्धा नाही. एके सकाळी त्यांच्या पिशवीतून पारदर्शक नळीचं वेटोळं बाहेर आलेलं दिसलं.

“भाऊ, हे काय?”

“लेव्हल पाइप, ताई.”

“मुलांना दाखवता का? दहा मिनिटं.”

“आम्ही काय दाखवणार ताई, आमची चौथी झाली बस.”

तरी थांबले. चपला काढल्या, पाय पायपुसण्यावर दोनदा घासले, आणि ओशाळं हसत आत आले. नळीत पाणी भरलं. मग एका जागी बसून नळीला टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर काढत राहिले. मुलं भोवती कोंडाळं करून. “बुडबुडा राहिला तं पाणी खोटं बोलतं,” ते म्हणाले. त्यांनी हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, काम करताना माणूस पुटपुटतो तसं ते होतं. पण पुढे कितीतरी दिवस आमची चिल्लीपिल्ली पिंपाच्या नळापाशी, ग्लासात, जिथे तिथे बुडबुडे शोधून ‘खोटं बोलतंय’ म्हणत होती.

नळीचं एक टोक त्यांनी एका मुलीच्या हातात दिलं, दुसरं खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मुलाच्या. मुलीनं हौसेनं टोक वर उचललं आणि पलीकडच्या मुलाच्या पोटावर पाणी सांडलं. खोली हसून कोसळली. मग पुन्हा भरा, पुन्हा धरा. हळूहळू मुलांच्या लक्षात आलं की आपण एक टोक वर नेलं तरी दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. गवंडीदादांनी दोन्ही भिंतींवर पाण्याच्या रेषेशी खडूनं खुणा केल्या, मध्ये सुतळी ताणली. मग भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा काढला. टोकदार लोखंडी वजन दोरीला लटकून डावीकडे-उजवीकडे डुलायला लागलं. “हा हलायचा थांबला की बोलायचं. तोवर कोणी बोलायचं नाही.” चार-चार वर्षांची ती पोरं, एरवी ज्यांना गप्प बसवायला मला तीन गाणी लागतात, ती श्वास रोखून त्या वजनाकडे बघत राहिली.

आता इथे तुम्हाला वाटेल, की तो गवंड्याचा मुलगा एरवी कोपऱ्यात बसायचा नि त्या दिवसापासून खुलला वगैरे. तसं काही झालं नाही. ते पोरगं आधीही बडबडंच होतं, नंतरही राहिलं. फरक पडला तो बापात. दुसऱ्या दिवशी सायकल लावून ते आत आले आणि म्हणाले, “ताई, त्या खिडकीखालची भिंत फुगलीय, बघितलं का?” पुढच्या आठवड्यात पडवीची तुटकी पायरी बसवून दिली, मुलांच्या पावलाला बेतानं कमी उंचीची. अजून जाता-येता विचारतात, आज काय चाललंय? मी सांगते. आमची एवढीच पालकसभा.

माझ्यातही फरक पडला. वर-खाली, उंच-ठेंगणं, सारखं-असमान हे सगळं मी तोवर चित्रांच्या कार्डांवर शिकवत होते.

बालवाडी म्हणजे पालकांना फाटकाबाहेर ठेवणारी जागा, ही कल्पना आपल्याकडे नवी आहे. मुळात आपल्याकडचं हे सगळं काम एका बापाच्या काळजीतून सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल. गिजुभाई बधेका वकील होते. स्वतःच्या मुलाला कसं शिकवायचं या विचारात त्यांच्या हाती इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंचं लेखन आलं आणि वकिली सुटली. १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर उभं राहिलं. पुढे गिजुभाईंच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक तिथे गेल्या तेव्हा त्यांच्यासोबतही त्यांची लहान मुलगी होती. या मंडळींनी बालशिक्षणाचं मासिक चालवलं ते शिक्षकांइतकंच आईबापांनी वाचावं म्हणून. घरात मुलाला मारू नका, त्याच्या हाताशी येईल अशा उंचीवर त्याच्या वस्तू ठेवा, त्याला त्याचं काम त्याच्या गतीनं करू द्या, हे त्यांनी पालकांना परत परत सांगितलं.

१९४५ मध्ये ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. तिथे शहरातल्या बालमंदिराची घडी चालेना. बालवाडी भरायची, पण ज्यांच्यासाठी ती होती त्या वस्तीतली मुलं यायची नाहीत. मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरांपुढच्या अंगणात मांडली. मुलं अंघोळीवाचून असतील तर तिथेच अंघोळ, नखं कापणं, मग गाणी, गोष्टी, खडे-शंखशिंपल्यांची मोजणी. साधनं समुद्रावरची नि रानातली, कारण महागडी लाकडी साधनं तिथे कुठून येणार? मला या हकिकतीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं: बालवाडी अंगणात भरायची म्हणजे चुलीपुढच्या आईला आतून ती दिसत असणार, आजीला ओट्यावरून ऐकू येत असणार. बाई आपल्या पोराशी कशा बोलतात, पोरगं पडलं तर काय करतात, हे पालकांना बघायला मिळे. आणि आई आपल्या मुलाशी कशी बोलते हे बाईंना. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं तेव्हा तिथल्या आदिवासी मुलांची अडचण वेगळी निघाली. मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळायचं असे, भावाला गुरांमागे जायचं असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी. आणि गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा. पालकांना दोष देण्यात त्यांनी वेळ घालवलेला दिसत नाही. घर कसं चालतं ते आधी पाहिलं, मग शाळा कशी चालवायची ते ठरवलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी घराघरांत माहीत झाली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण मधल्या काळात अंगण गेलं. पोषण आहार, वजनकाटा, लसीकरण, रजिस्टरं, आता मोबाइलवरची माहिती भरणं, या सगळ्याखाली सेविका दबून गेली आणि आईचा संबंध बराचसा आहार घेण्यापुरता उरला. दुसरीकडे खासगी नर्सऱ्या निघाल्या. त्यांच्या फाटकावर वॉचमन आला. सुरक्षेसाठी तो हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तीन वर्षांच्या मुलाची आई वर्षभरात एकदाही त्याचा वर्ग भरलेला पाहत नाही, तिला फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर सजवलेले फोटो येतात, हे काही सुरक्षेत बसत नाही.

दूर इटलीतली एक गोष्ट मला फार आवडते. १९४५ च्या वसंतात, युद्ध संपत असताना, रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी ठरवलं की आपण लहान मुलांची शाळा बांधायची. पैसे? जर्मन सैन्य माघार घेताना एक रणगाडा, काही ट्रक नि घोडे मागे टाकून गेलं होतं. ते विकले. बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटा वेचल्या, नदीची वाळू आणली आणि बायाबापड्यांनी शाळा स्वतःच्या हातानं उभी केली. लॉरिस मालागुत्झी नावाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि त्या कामाचाच झाला. आज जगभरचे शिक्षक तिथल्या बालशाळा बघायला जातात आणि सुंदर टेबलांचे, काचेतून येणाऱ्या उजेडाचे फोटो काढून आणतात. आमच्या गवंडीदादांना मी ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, “रणगाडा कितीला गेला असंल?”

आपल्याकडेही अलीकडे सरकारी पातळीवर एक चांगली गोष्ट झाली. २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ नावानं शाळापूर्व तयारीचं अभियान महाराष्ट्रभर झालं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावा, त्यात वेगवेगळी टेबलं, मूल एकेका टेबलापाशी जाऊन उडी मारतं, वस्तू लावतं, चित्राबद्दल बोलतं. त्यातलं एक टेबल खास मातांसाठी. शेजारपाजारच्या चार-पाच जणींचा गट करायचा, त्यातली एक पुढारी आई, आणि आठवड्याला घरी करायच्या साध्या कृती. भाज्या निवडताना मोजा, भांडी लहान-मोठी लावा, पावसाचा आवाज ऐका. जिथे मुख्याध्यापकांनी ते अहवालापुरतं केलं तिथे बॅनरचा फोटो निघाला. जिथे बायांना खरंच एकत्र बसायला मिळालं तिथे गट पुढेही टिकले, कारण बायांना एकत्र बसायला निमित्त हवंच असतं.

आमच्याकडे मेथीच्या जुड्या घेऊन एक आई येते. तिला एरवीही ती निवडायचीच असते, तर घरी बसून निवडण्याऐवजी पडवीत निवडते. भोवती सात-आठ मुलं. पान इकडे, देठ तिकडे, पिवळं पान वेगळं. बोटांना जे वळण पेन्सिल धरायच्या आधी लागायला हवं ते तिथे लागतं. काही पालकांना हे पटत नाही. ‘ताई, भाजी निवडायला पाठवलंय का पोराला? एबीसीडी कधी घेणार?’ या प्रश्नाचं उत्तर मी आता तोंडानं देत नाही. म्हणते, तासभर बसा. बसल्यावर त्यांना दिसतं, की ज्या मुलाच्या हातात आपण पाटी-पेन्सिल कोंबतोय त्याला अजून तांब्यातून फुलपात्रात पाणी न सांडता ओतता येत नाही, पण तो ते न कंटाळता परत परत करून बघतो आहे. बहुतेक जण तासाभरानं गप्प होतात. सगळे नाही. एक वडील तासभर बसले आणि पुढच्या सोमवारी मुलाचं नाव काढून इंग्रजी शाळेत घातलं. चालायचंच.

जळगावकडची एक आजी गोष्ट सांगायला येते. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, परत येताना भोपळा. गोष्ट तुमची-आमचीच, पण आजीची अहिराणीतली. तिचा वाघ विचारतो, “कथा चालनी व माय?” आणि खानदेशातली पोरं एकदम ताठ बसतात, कारण ही तर घरातली बोली. बाकीच्यांना सगळे शब्द कळत नाहीत, पण वाघाचा आवाज कळतो. माझ्या बिहारी पोरांनीही तिचा वाघ उचलला आहे. मला अहिराणी येत नाही. प्रशिक्षण घेऊनही मी ती गोष्ट तशी सांगू शकले नसते.

सगळं गोड नसतं. एका आईनं वर्गात बसल्या बसल्या सगळ्यांसमोर स्वतःच्या मुलीला फटका दिला, कारण मुलीला रंगांची नावं सांगता येईनात. तिला बाहेर नेलं, पाणी दिलं. रागावण्यापेक्षा तिची भीती समजून घेणं मला जास्त गरजेचं वाटलं. आपली मुलगी मागे पडली तर लोक आपल्याला नावं ठेवतील, ही ती भीती. अजून एक अडचण नेहमीची: वर्गात आलेली आई फक्त आपल्याच लेकराची शेंडी बांधत बसते. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. आत आलात की तुम्ही सगळ्यांच्या मावशी नाहीतर काका. स्वतःच्या मुलाला उत्तर सांगायचं नाही, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करायची नाही, आणि मोबाइल चपलांच्या फळीवर. शेवटचा नियम पाळायला बापांना सर्वांत जड जातो.

आणि एक सहभाग असा, जो मला अजिबात नको आहे. मुलाला ‘पाऊस’ या विषयावर प्रोजेक्ट आणायला सांगायचा, आणि मग रात्री अकरा वाजता स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का बघत हिंडणारा बाप, डोळे चोळत कापूस चिकटवणारी आई, नि केव्हाच झोपलेलं मूल. सकाळी शिक्षिका म्हणणार, ‘वा, किती छान केलंस!’ मुलालाही माहीत असतं की आपण केलेलं नाही. फॅन्सी ड्रेसमधल्या शिवाजी महाराजांच्या मिशीनं रडवलेली पोरं मी कितीतरी पाहिली आहेत. यात पालक राबतात खूप, पण मुलासोबतचा वेळ मिनिटाचाही नसतो.

वेळ, हा खरा प्रश्न. कंपनीत पहिल्या पाळीला असलेल्या बापाला मी सकाळी दहाला बोलावते तेव्हा मी त्याला न येण्याचीच सोय करून देत असते. म्हणून आम्ही पाळ्यांची वही ठेवली आहे. दुसऱ्या पाळीचे बाप सकाळी मोकळे असतात, झोप काढून उठलेले असतात, घरात त्यांना कुणी विचारत नसतं. ते आमचे हुकमी एक्के. घरकाम करणाऱ्या बाया साडेअकराच्या सुमारास एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना पंधरा मिनिटं टेकतात, तेव्हा गाणं घ्यायचं. ज्यांना यायलाच जमत नाही त्यांच्याकडून वस्तू मागवायची: रिकामी रिळं, नट-बोल्ट, दोरीचे तुकडे, जुनं घड्याळ. वस्तू कोणाच्या घरून आली ते मुलाला सगळ्यांना सांगायला लावायचं. आणि घरी गेल्यावर ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न विचारू नका, एवढंच त्यांना सांगते. त्याला जगातलं प्रत्येक मूल ‘काही नाही’ असंच उत्तर देतं. विचारा, की आज कोणाच्या डब्यातलं खाल्लं, कोण रडलं, कोणी हसवलं. मग जेवणं होईपर्यंत ऐकत बसा.

प्रवेशाच्या फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न असे रकाने असायचे. पहिले दोन ठेवले, तिसरा काढून टाकला आणि त्या जागी लिहिलं: हातानं काय करता येतं? त्याखाली आलेली उत्तरं मी जपून ठेवली आहेत. ‘उडदाचे पापड.’ ‘वेल्डिंग.’ ‘ढोलकी (थोडी).’ ‘गाडीचं पंक्चर.’ एका आईनं ‘काही नाही’ लिहून त्यावर काट मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं ‘गोधडी’. तिची गोधडी आता आमच्या गोष्टीच्या कोपऱ्यात अंथरलेली आहे, आणि कुठला तुकडा कुणाच्या झबल्याचा हे मुलांना पाठ आहे.

तुमच्या मुलाच्या बालवाडीत असा रकाना नसेल तर वाट बघू नका. ताईंना गाठा, पण सोडायच्या गडबडीत नको, सुटायच्या वेळेला. ‘मी काही मदत करू का?’ असं मोघम विचारलंत तर त्या ‘हो हो, सांगते हं’ म्हणतील आणि विसरतील, कारण त्यांच्यासमोर तेव्हा पंचवीस पोरं चपला शोधत असतात. नेमकं सांगा: गुरुवारी माझी सुट्टी आहे, मी पाऊण तास येतो, मला सायकल खोलता येते. नाही म्हणाल्या तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. तेही अवघड वाटत असेल तर सरळ एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. पाय निखळलेली एक तरी खुर्ची प्रत्येक बालवाडीत असतेच, आणि तुम्ही ती दुरुस्त करायला जमिनीवर बसलात की पाच मिनिटांत स्क्रू धरायला कोण कोण येतं ते बघा.